कवितेला गेट दिसतं, गाव दिसत नाही

१४ जानेवारीच्या अंकासाठी आलेल्या कवितांचा गठ्ठा संपादकांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, वाच आणि लिही, गोड लिहू नको. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. रात्रपाळी सुटली की दोन कविता वाचायच्या, झोपायचं, उठून त्याच पुन्हा वाचायच्या, असं आठ दिवस केलं. शिक्षण बारावी नापास. समीक्षेची परिभाषा मला येत नाही. पण सूत कुठं कच्चं आहे ते बोटाला कळतं, तेवढ्या भांडवलावर लिहितो. कुणाला राग आला तर येऊ द्या. माझीपण एक कविता या गठ्ठ्यात आहे आणि तिला मी सोडणार नाही.

पहिली गोष्ट. जवळजवळ प्रत्येक कवितेत विद्यापीठाचं गेट आहे. गेटवर सूर्य उगवतो, गेटवर मशाल पेटते, गेट छाती काढून उभं राहतं. दुसरी गोष्ट. पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांची नावं येतात, पण नावापुढं काही येत नाही. पोचीराम टेंभुर्णीचे, नांदेड जिल्ह्यातले, हेसुद्धा एकाच कवितेत आहे. तिसरी गोष्ट. २७ जुलै १९७८ ला कविता सुरू होते आणि एका ओळीत उडी मारून १४ जानेवारी १९९४ ला उतरते. मधली साडेपंधरा वर्षं गायब.

गेटची मी टिंगल करत नाही. दरवर्षी १४ जानेवारीला मीही तिथं जातो. गर्दीत चप्पल हरवते, पुस्तकाच्या स्टॉलवर पगार जातो, आणि गेटसमोर उभं राहिलं की घसा दाटून येतो. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नाही त्यांना विद्यापीठाचं दार म्हणजे काय असतं, हे दुसऱ्यानं आम्हाला सांगायची गरज नाही. सवाल वेगळाच आहे. गेट हा लढ्याचा शेवट आहे. आमची कविता शेवटावरच बसून राहिलीय. लढा झाला तो गावात.

आज विशीत असलेल्या माझ्यासारख्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही. म्हणून नीट सांगतो. मराठवाड्यात दलितांच्या उच्च शिक्षणाची वाट बाबासाहेबांनी पाडली. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज, पुढचं मिलिंद, १९५० ला औरंगाबादेत सुरू झालं. विद्यापीठ आलं १९५८ ला. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या ही मागणी म्हणजे ज्यानं बी पेरलं त्याचं नाव शेताला द्या, एवढीच होती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला. आणि मराठवाडा पेटला. शहरात बस, दुकानं, मोर्चे. गावात मात्र आमची घरं, धान्याच्या कणग्या, विहिरी, माणसं. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांनी सगळ्यात जास्त भोगलं. सुगावचे जनार्दन मवाडे गेले, पोचीराम गेले. १९७९ ला जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरहून लाँग मार्च काढला. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग चालूच राहिले. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत सरकारला तोडगा सापडला.

तोडगा काय होता? एक शब्द. नामांतर नाही, नामविस्तार. 'मराठवाडा विद्यापीठ' हे जसंच्या तसं ठेवलं आणि पुढं 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' जोडलं. दिवस निवडला संक्रांतीचा. तीळगूळ घ्या, गोड बोला.

शब्दाचं वाचन करणं हे कवीचं काम आहे, म्हणून या शब्दाचं वाचन करतो. नामांतर म्हणजे बदल. कुणीतरी मागं सरकतं तेव्हा बदल होतो. विस्तार म्हणजे वाढ. त्यात कुणालाच मागं सरकावं लागत नाही. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव ही नामांतराला विरोध करणारी मोठी माणसं. निजामाच्या राजवटीशी लढलेली. 'मराठवाडा' या नावात आमचा मुक्तिलढा आहे, ते पुसू नका, असं त्या बाजूचं म्हणणं. ते म्हणणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण मुक्तिलढ्याच्या नावानं गावात कुणाची घरं जळत होती, हे त्यांना दिसत असताना, आधी त्या आगीपुढं आडवं पडायला हवं होतं. नावाचा वाद नंतर घालता आला असता.

नामविस्तारानं एक काम केलं, ते कबूल करतो. १९७८ सारखा वणवा पुन्हा लागला नाही. रस्ता शांत झाला. रस्ता शांत करणं हे सरकारचं काम आहे आणि ते तडजोडीनं होतं. माणसं वाचत असतील तर तडजोडीला नाक मुरडू नये. पण रस्ता शांत झाला म्हणजे भांडण मिटलं, असं सरकारनं म्हणावं, कवीनं म्हणू नये. आमच्या कविता नेमकं तेच म्हणतात. 'जिंकलो' म्हणतात आणि थांबतात.

आता पुढचं बघा. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं वेगळं विद्यापीठ झालं. नांदेड, परभणी, लातूर तिकडं गेले. स्वामीजींच्या नावाबद्दल माझी तक्रार नाही, नांदेडच्या पोराला जवळ विद्यापीठ मिळालं तेही बरंच झालं. पण हिशेब मांडा. ज्या दोन जिल्ह्यांनी नावासाठी सगळ्यात जास्त भोगलं, तेच दोन जिल्हे नाव लागल्यावर आठ महिन्यांत त्या विद्यापीठाच्या बाहेर गेले. टेंभुर्णीचा पोरगा आज गावाजवळच्या कॉलेजातून पदवीधर होतो, तेव्हा त्याच्या कागदावर बाबासाहेबांचं नाव नसतं. एवढी मोठी गोष्ट. गठ्ठ्यातल्या एकाही कवितेला ती दिसली नाही. कारण सगळे कवी गेटकडं तोंड करून उभे आहेत.

माझ्या कवितेबद्दल. तिचं नाव 'आजी'. त्यात मी आजीला ज्वाला केलंय, वीज केलंय, रमाई केलंय. लिहिताना फार आवडली होती. रविवारी आजीला वाचून दाखवली. ती गहू निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समदं बरं हाय लेका. पर ह्यात माझी घागर कुठं हाय?"

घागरीची गोष्ट अशी. आजी परभणी जिल्ह्यातली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून आमची माणसं राहतात. तिच्या लग्नात माहेरनं पितळेची घागर दिली होती, काठावर आजोबांचं नाव घालून. अठ्ठ्याहत्तरला घर जाळलं त्या रात्री ती पोरांना घेऊन तुरीच्या रानात बसली. माझा बाप तेव्हा पाच वर्षांचा. चार दिवसांनी परत आले तर घराच्या जागी राख, आणि राखेत घागर नाही. पितळ जळत नाही. मग शांतता समिती बसली, पत्रे मिळाले, आणि 'झालं गेलं विसरा' असा ठराव झाला. पोटासाठी आजी त्याच लोकांच्या रानात निंदायला गेली. वर्षानं एका घरी अंगणाबाहेर उभी राहून पाणी मागितलं, तेव्हा ओसरीवर तिला घागर दिसली. आजीला वाचता येत नाही. पण त्या अक्षरांची वळणं तिला पाठ होती. वरून ओंजळीत पाणी घातलं ते त्याच घागरीतनं. ती पाणी प्याली आणि कामाला गेली.

"तू बोलली का नाही?" मी विचारलं.

"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी निंदाया कुठं गेले असते?"

दोस्तांनो, नामांतराची कविता इथं आहे. ज्याचं नाव विद्यापीठाला लावायचं म्हणून घर गेलं, ते नाव लागलं. पण घागरीवर ज्याचं नाव होतं त्याची घागर अजून दुसऱ्याच्या घरात आहे. हा हिशेब ना ठरावात आला, ना शांतता समितीच्या कागदात, ना आमच्या कवितेत. मी स्वतः तिचा नातू, आणि मला घागर सोडून ज्वाला सुचली! ज्वाला सोपी असते. ज्वालेला 'दुसऱ्या दिवशी काम कुठं करू' हा प्रश्न नसतो.

गठ्ठ्यात एक कविता खरी आहे. जिंतूर तालुक्यातल्या एका मुलीची. तिच्यात गेट नाही, सूर्य नाही. जाळपोळीनंतर गावात परतलेल्या बायका विहिरीवर आधी कुणी जायचं यावर गप्प बसल्यात, एवढंच आहे. शब्द साधे, दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलंय. ती चूक दुरुस्त करा आणि कविता पहिल्या पानावर छापा. बाकीच्यांनी ती वाचून आपल्या कवितेकडं पुन्हा बघावं. आधी मी.

आता दुसऱ्या बाजूला एक शब्द. विद्रोह आम्हीच लिहायचा, वेदना आम्हीच लिहायची, असं किती दिवस? घागर ज्या ओसरीवर आहे त्या घरातही माझ्या वयाचा नातू असेल. शिकलेला असेल, कदाचित कविताही करत असेल. त्यानं आजोबाला विचारलं का, ही घागर आपल्याकडं कुठून आली? दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट गेल्यावर डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग बसला. ज्याचं घर उजाडलं तो सगळ्यांसमोर बोलला, आणि ज्यानं केलं त्याला माफी हवी असेल तर आधी काय केलं ते पूर्ण सांगावं लागलं. तिथंही पुष्कळ जण सुटले आणि पुष्कळांना न्याय मिळाला नाही. पण 'मी केलं' हे वाक्य तिथं माणसांच्या तोंडून निघालं. मराठवाड्यात ते वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. आमच्याकडं एकदम 'विसरा' असतं.

विसरलेलं जिरत नाही. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग पोलिसांची धरपकड. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. पुन्हा तेच परभणी. बातमी ऐकून आजी पहिल्यांदा काय म्हणाली? "आपल्या वस्तीतली लेकरं घरात हायेत का बघ."

आणि ज्या शहरात बसून हे लिहितोय त्याचं नावही २०२३ ला बदललं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. नामांतराच्या काळात आम्हाला ऐकवलं जायचं, नावात काय आहे, पोटाचं बघा. माझ्या गल्लीत तरी २०२३ ला हे कुणी कुणाला ऐकवलं नाही. म्हणजे नावात काहीतरी आहे, हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ते कुणाच्या नावात आहे एवढाच वाद होता.

संपादकांना विनंती. माझी 'आजी' छापू नका. आणि ज्यांना या विषयावर लिहायचं असेल त्यांना सांगा, एकदा आपल्या गावाकडं जाऊन म्हाताऱ्यांजवळ बसा. काय गेलं, कुणाकडं आहे, दुसऱ्या दिवशी कामाला कुठं गेलात, हे तीन प्रश्न विचारा. मग कविता लिहा. गेट कुठं जात नाही, ते आपल्यासाठी उभंच आहे.

जयभीम.