मोजले काय, सांगितले काय?

टाइप-२ मधुमेह असलेल्या स्त्रियांना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचा उपयोग होतो का, यावरचे संशोधन-निबंध मी बरीच वर्षे वाचते आहे. त्यांची प्रस्तावना बहुधा एकाच वळणाची असते. रक्तातली साखर वाढली की पेशींत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढतात आणि रक्तवाहिन्यांना इजा करतात; ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे त्या रेणूंना निष्प्रभ करतात; म्हणून ती गोळीतून द्यावीत. पहिल्या दोन विधानांना प्रयोगशाळेतला आधार आहे. माझा आक्षेप ‘म्हणून’ या शब्दाला आहे.

अशा निबंधांत अनेकदा चाळीस-पन्नास रुग्ण असतात आणि अवधी आठ-बारा आठवड्यांचा. शेवटी मॅलॉनडायअल्डिहाइड उतरल्याचे आनंदाने सांगितले जाते. हा पदार्थ म्हणजे मेदाचे ऑक्सिडीकरण झाल्याची खूण. अँटिऑक्सिडंट दिल्यावर ती पुसट झाली यात नवल ते काय? बाईचे डोळे, मूत्रपिंड, हृदय यांचे पुढे काय झाले हे मोजलेलेच नसते. एचबीए१सी तर साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब देते. आठ आठवड्यांत तिच्यावरून निकाल देणे म्हणजे पीक निसवण्याआधी उतारा सांगणे.

याउलट अमेरिकेतली ‘विमेन्स अँटिऑक्सिडंट कार्डिओव्हॅस्क्युलर स्टडी’ पाहावी. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या, चाळिशीपुढच्या ८१७१ स्त्रिया तिच्यात होत्या. ‘क’ ५०० मिलिग्रॅम रोज, ‘ई’ ६०० युनिट आणि बीटा-कॅरोटीन ५० मिलिग्रॅम दिवसाआड. कोणाला खरी गोळी, कोणाला नकली, हे चिठ्ठीवर. सुरुवातीला मधुमेह नसलेल्या ६५७४ जणींवर सरासरी ९.२ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा ८९५ जणींना मधुमेह झाला. ‘क’ घेणाऱ्यांत प्रमाण किंचित कमी, ‘ई’ घेणाऱ्यांत किंचित जास्त, आणि दोन्ही फरक योगायोगाने पडावेत एवढेच. बीटा-कॅरोटीनने काहीच साधले नाही. २००९ साली हे प्रसिद्ध झाले. ही चाचणी मधुमेह टाळण्याविषयी होती, झालेला आटोक्यात आणण्याविषयी नव्हे, हे खरे. पण नऊ वर्षांत जे टाळता आले नाही ते आठ आठवड्यांत आटोक्यात येते म्हणणाऱ्याने पुरावाही तसाच भक्कम द्यायला हवा.

मधुमेह असलेल्या स्त्रियांबद्दलचा आयोवातला अभ्यास (२००४) अधिक अस्वस्थ करतो. पाळी थांबलेल्या १९२३ मधुमेही स्त्रियांत, गोळ्यांतून रोज ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ‘क’ घेणाऱ्यांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळले. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. गोळीनेच मृत्यू आला असे त्यातून म्हणता येत नाही, आणि तसे कोणी म्हटले तर त्यालाही मी हाच ‘म्हणून’ दाखवीन. मात्र ‘घेतली तर नुकसान तरी काय?’ हा प्रश्न त्यानंतर इतक्या बेफिकिरीने विचारता येत नाही. २००९ च्याच एका जर्मन प्रयोगात ‘क’ आणि ‘ई’ घेणाऱ्यांच्या शरीरात व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही. म्हणजे ते आक्रमक रेणू निव्वळ खलनायक नाहीत. व्यायामाचा निरोप शरीरापर्यंत तेच पोचवतात. या प्रयोगातले सगळे तरुण पुरुष होते. मधुमेही स्त्रियांवर तो जसाच्या तसा लावणे मला पटत नाही, पण स्त्रियांवर तसा प्रयोग व्हावा असे मात्र वाटते.

अमेरिकन डायबिटीस असोसिएशननेही उपयोगाचा पुरावा नसल्यामुळे आणि दीर्घकालीन सुरक्षिततेच्या शंकेमुळे या गोळ्या सरसकट घेऊ नयेत असे सांगितले आहे. आपल्याकडे मात्र औषधाच्या दुकानात साखरेच्या गोळ्यांबरोबर ‘ताकदीची’ म्हणून एक पट्टी सहज पिशवीत पडते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणारीच्या रक्तातले बी-१२ कमी होऊ शकते, ती शाकाहारी असेल तर अधिकच. आणि त्यातून हातापायांना मुंग्या येतात, त्या मधुमेहाच्याच समजल्या जातात. ते तपासता येते, भरूनही काढता येते. त्या पट्टीच्या पैशांत ही तपासणी आधी करावी.