आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा आणि नवोदित नाट्यलेखकाची संधी : एक चिकित्सा

नवोदित कलावंतांना उद्देशून निघणारी आवाहने स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात कलावंताने पूर्ण केलेली कृती मागवली जाते, तिचे मूल्यमापन होते आणि क्रमांक लावला जातो. दुसऱ्या प्रकारात कृती अद्याप घडायची असते. तिच्यासाठी वेळ, पैसा, मार्गदर्शन किंवा जागा देऊ केली जाते. मराठी नाट्यक्षेत्रात पहिला प्रकार इतका सर्वव्यापी झाला आहे की ‘संधी’ या शब्दाचा अर्थच जवळजवळ ‘स्पर्धा’ असा होऊन बसला आहे. या समीकरणाने नवोदित नाट्यलेखकाचे काय केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. नट, दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ यांच्या वाट्याला आलेली संधी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असल्याने त्याचा येथे ओझरताच उल्लेख येईल.

पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा ही या परंपरेतील सर्वाधिक प्रतिष्ठेची स्पर्धा होय. लॉट्स काढण्याच्या दिवशी महाविद्यालयीन संघांची उडणारी झुंबड, भरत नाट्य मंदिरातील ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी, निकालानंतरचा जल्लोष आणि तितकीच तीव्र निराशा यांचे वर्णन अनेक रंगकर्मींच्या आठवणींत आढळते. या स्मरणरंजनाखाली एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. स्पर्धेच्या आरंभीच्या दशकात महाविद्यालयीन रंगमंचावर वावरलेल्या पिढीपुढे स्पर्धेबाहेरची एक चालती संस्था उभी होती. भालबा केळकरांची प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन तरुणांना सामावून घेत होती. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना रंगमंचावर आलेले जब्बार पटेल आणि मोहन आगाशे याच मार्गाने पुढे गेले. १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला आणि त्यावरील मतभेदांतून १९७३ साली थिएटर अकादमीची स्थापना झाली. माणसांचाच पडदा रचणारे ते नाटक उभे करणारी मंडळी वयाने महाविद्यालयीन जीवनापासून फार दूर गेलेली नव्हती. ‘झुलता पूल’, ‘मेमरी’ यांसारख्या एकांकिकांपासून ‘महानिर्वाण’पर्यंतचा सतीश आळेकरांचा प्रवासही याच वातावरणात घडला. स्पर्धेने दार उघडले हे खरे. त्या दारापलीकडे घर होते, हे अधिक खरे.

आज दारापलीकडे बहुधा दुसरे दार असते. एका स्पर्धेत यशस्वी ठरलेली एकांकिका किरकोळ फेरफार करून दुसऱ्या, तिसऱ्या स्पर्धेत उतरते. चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ स्पर्धा तर अन्य स्पर्धांतील विजेत्या एकांकिकांसाठीच आहे. विजेत्यांना पुन्हा एकत्र आणण्याची ही कल्पना आकर्षक आहे आणि प्रेक्षकांनी तिला भरभरून दादही दिली आहे. लेखकाच्या दृष्टीने मात्र वर्षभर एकाच संहितेभोवती फिरत राहण्याचा हा परिपाठ आहे. हंगाम संपतो तेव्हा त्याच्यापाशी चार स्मृतिचिन्हे असतात. दुसऱ्या संहितेचा पहिला खर्डा क्वचितच असतो.

स्पर्धेची बाह्य चौकट लेखनाच्या अंतर्रचनेवर परिणाम करते, याकडे मराठी नाट्यसमीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. नेपथ्य मांडण्यास व काढण्यास मोजकी मिनिटे मिळतात, म्हणून स्थळ सूचक ठेवावे लागते. संघात वीस-पंचवीस उत्साही विद्यार्थी असतात आणि प्रत्येकाला रंगमंचावर यायचे असते, म्हणून समूहाची योजना होते. अभिनयाची वैयक्तिक पारितोषिके असतात, म्हणून मध्यावर एक दीर्घ स्वगत येते. परीक्षकाने दिवसभरात अनेक प्रयोग पाहिलेले असतात, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत धक्का ठेवला जातो. यांतील पहिली दोन बंधने सर्जक ठरली आहेत. कमीत कमी साधनांत, देहांच्या रचनेतून स्थळ-काळ उभे करण्याचे जे कौशल्य मराठी रंगभूमीने कमावले त्याचे श्रेय त्यांना द्यावे लागेल. उरलेल्या दोन बंधनांनी मात्र लेखनाला साचा दिला. धक्कांत एकांकिकेतील पात्रे शेवटाच्या सोयीने वागतात. त्यांना स्वतःचा काळ नसतो. विषय ज्वलंत आणि पात्रे विझलेली, असे अनेक स्पर्धा-संहितांचे वर्णन करता येईल.

या पार्श्वभूमीवर २०२२ मधील पुरुषोत्तम करंडकाच्या निकालाचा विचार करणे उपयुक्त ठरते. त्या वर्षी परीक्षकांनी दर्जाच्या कारणावरून करंडक कोणत्याही संघाला दिला नाही. निकालाने मोठी खळबळ उडाली. एका बाजूने परीक्षकांच्या निर्भीडपणाचे कौतुक झाले, तर दुसऱ्या बाजूने विद्यार्थ्यांचा उत्साह मारला गेल्याची तक्रार झाली. दोन्ही प्रतिक्रिया एकाच गृहीतकावर उभ्या होत्या. करंडक मिळणे अथवा न मिळणे हीच स्पर्धेने द्यावयाची एकमेव गोष्ट आहे, असे दोन्ही पक्षांनी मानले.

परीक्षकांचा अधिकार निर्विवाद आहे, आणि पारितोषिक रोखून धरणे हा वाङ्मयीन व कलाविषयक पुरस्कारांत अनाठायी प्रकारही नव्हे. निर्णय चुकीचा होता असे म्हणण्यास आधार नाही. अपुरी होती ती त्यानंतरची व्यवस्था. निकालाच्या वेळी परीक्षक आपली भूमिका मांडतात. पण भाषण हे संहितेवरील टिपण नव्हे. कोणत्या प्रवेशात काय निसटले, कोणते पात्र अकारण आले, भाषा कोठे उसनी वाटली, हे लेखकाला संहिता समोर ठेवून सांगणारा वाचक या रचनेत नेमलेलाच नाही. ‘दर्जा नाही’ या निर्णयानंतर ‘दर्जा कसा येतो’ या प्रश्नाचे उत्तरदायित्व कोणाचे? आयोजक संस्था म्हणेल, ते महाविद्यालयाचे काम आहे. महाविद्यालय म्हणेल, ते नाट्यसंस्थांचे. आणि अठरा-एकोणीस वर्षांचा लेखक पुढच्या वर्षीच्या लॉट्सची वाट पाहू लागतो.

क्रमांक न लावता संधी देणाऱ्या व्यवस्था मराठीत झाल्याच नाहीत असे नव्हे. आविष्कार या संस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत जे प्रयोग घडवून आणले, त्यांत फसलेल्या प्रयोगालाही जागा होती. फसण्याची मुभा हीच तेथली खरी देणगी होती. थिएटर अकादमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककार विकासाची योजना राबवली. तिचा भर घडत असलेल्या लेखनावर होता. रेज प्रॉडक्शन्स आणि लंडनचे रॉयल कोर्ट थिएटर यांच्या सहकार्याने आकाराला आलेला ‘रायटर्स ब्लॉक’ हा उपक्रम २००४ साली रंगमंचावर आला. सचिन कुंडलकर यांचे ‘छोट्याशा सुट्टीत’ त्यात होते. अशा कार्यशाळांत खर्डा वाचला जातो, मोडला जातो आणि लेखक पुन्हा लिहावयास बसतो. परकीय निधी आणि परकीय पद्धती यांविषयी घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत तथ्य असू शकते. तथापि पुनर्लेखनासाठी वेळ व निधी देण्याचे काम येथील किती संस्थांनी केले, हा प्रश्न त्या आक्षेपांबरोबरच विचारला पाहिजे.

शासकीय पातळीवरील चित्र विचित्र आहे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या तरुण कलावंतांसाठीच्या शिष्यवृत्ती योजनेत १८ ते २५ या वयोगटातील कलावंतांना दोन वर्षांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद केली गेली. गुरू अथवा संस्थेकडे घेतलेले पूर्वशिक्षण ही अट शास्त्रीय संगीत व नृत्य यांना साजेशी आहे. नाट्यविभागात अभिनय, दिग्दर्शन इत्यादी अंगांचा समावेश करताना योजनेच्या नियमांनी नाट्यलेखन आणि संशोधन ही दोन अंगे स्पष्टपणे वगळली. ज्याला नट नको, मंच नको, केवळ वर्षभराचा निर्वाह आणि एक जाणता वाचक हवा, तो लेखक या ‘खुल्या’ आवाहनाबाहेरच राहिला.

महाविद्यालयांची भूमिका याहून फारशी निराळी नाही. स्पर्धेत उतरावयाचे तर संघ हवा, प्राचार्यांचे पत्र हवे, प्रवेशशुल्क हवे, सरावासाठी सभागृह हवे आणि केंद्रापर्यंत पंचवीस जणांना नेण्याचा खर्च हवा. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने उत्तम एकांकिका लिहिली, पण संघ जमला नाही, तर त्याच्यापुरती स्पर्धा बंदच असते. संहिता एकट्याने पाठवता येईल अशी सोय येथे नाही. या गाळणीतून जो पार होतो त्याच्याविषयीही महाविद्यालयाला आस्था असते ती करंडकापुरती. नॅकच्या पाचव्या निकषात सांस्कृतिक पारितोषिकांची नोंद करावयाची असते आणि सांघिक पारितोषिक एकच धरावे अशी सूचना असते. त्या एका अंकात लेखक कोठे आहे हे शोधू नये. पारितोषिकाची छायांकित प्रत जतन होते. संहितेची प्रत मात्र प्रयोगानंतर कोणा विद्यार्थ्याच्या पिशवीत राहते. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडल्यानंतर नव्या लेखनाकडे तितक्या साक्षेपाने पाहणारी नियतकालिके विरळ झाली, आणि एकांकिका छापून येते ती बहुधा लेखकाचे नाव झाल्यावर.

या परिस्थितीत एखाद्या जिल्ह्यातील तीन-चार महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एकत्र येऊन करता येण्याजोगे काम अगदी साधे आहे. स्पर्धेचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, उन्हाळी सुटीच्या आत, केवळ संहिता मागवाव्यात. संघाची अट नसावी, शुल्क नसावे, अपुरा खर्डाही चालावा. प्रत्येक संहितेला दोन वाचक द्यावेत. त्यांपैकी एक प्राध्यापक आणि एक प्रत्यक्ष रंगकर्मी असावा. त्यांनी गुण न देता लेखी टिपण द्यावे. निवडक खर्ड्यांचे अभिवाचन करावे आणि पुनर्लेखनानंतर त्यांतील एक-दोन महाविद्यालयीन वार्षिकांकात छापावेत. बहुतेक वार्षिकांकांत कविता व प्रवासवर्णने यांना पाने मिळतात. एकांकिकेला वीस पाने देण्यास संपादक कचरतात. खर्चाचा प्रश्न येथे गौण आहे. दोन वाचकांचा प्रवासखर्च आणि छायाप्रती एवढीच त्याची मर्यादा. अवघड आहे ते प्राध्यापकाने परीक्षेच्या धामधुमीत तीस पानांचा कच्चा खर्डा दोनदा वाचणे, आणि त्यावर विद्यार्थ्याला पटेल असे दोन पानी टिपण लिहिणे. या श्रमासाठी अहवालात रकाना नाही.