खंदक-नकाशांतील स्थाननिर्देश व त्यांचें प्रामाण्य

पहिल्या महायुद्धांत (१९१४–१८) फ्रान्स व बेल्जम येथील रणभूमीसाठीं ब्रिटिश सैन्यानें छापलेले खंदक-नकाशे आतां सर्वांस सुलभ झाले आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें ते आधुनिक नकाशावर बसवून पाहण्याचीही सोय करून दिली आहे. या उपक्रमाबद्दल संशोधकांनीं कृतज्ञच राहिलें पाहिजे. परंतु सोयीबरोबर एक नवी संवयही जडत चालली आहे. पलटणीच्या दैनंदिनींतील एक स्थाननिर्देश घ्यावा, यंत्राकडून त्याचे अक्षांश-रेखांश दशांशाच्या पांचव्या स्थळापर्यंत काढून घ्यावे, आणि 'अमुक तुकडी येथेंच उभी होती' असें विधान करून मोकळें व्हावें, ही ती संवय होय. या पद्धतीचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम मूळ रचना पाहूं. १:४०,००० प्रमाणाच्या प्रत्येक पत्रकास क्रमांक असतो; ईप्रच्या परिसराचें पत्रक २८ वें. पत्रकावर रोमन लिपींतील ए पासून एक्सपर्यंत २४ मोठे चौकोन, सहा-सहांच्या चार ओळींत मांडलेले असतात. मधल्या दोन ओळींतील, म्हणजे जी ते आर, हे चौकोन ६,००० यार्ड लांब-रुंद. त्यांत १,००० यार्डांचीं ३६ घरें. वरच्या व खालच्या ओळींतील चौकोन उंचीस ५,००० यार्डच, म्हणून त्यांत घरें ३०. प्रत्येक घराचे चार पाव: वर डावीकडे ए, उजवीकडे बी, खालीं डावीकडे सी, उजवीकडे डी. या ५०० यार्डांच्या पावाचे दहा-दहा भाग नैर्ऋत्य कोपऱ्यापासून मोजावयाचे. आधीं पूर्वेकडे, मग उत्तरेकडे. उदाहरणार्थ, ईप्रचें मेनिन द्वार आय चौकोनाच्या ८ व्या घरांतील बी पावांत, व हिल ६० ही प्रसिद्ध टेंकडी त्याच चौकोनाच्या २९ व्या घरांतील सी पावांत पडते. आठवें घर दुसऱ्या ओळींत दुसरें, एकोणतिसावें पांचव्या ओळींत पांचवें. अर्थात् टेंकडी द्वाराच्या आग्नेयेस. प्रत्यक्षांतही ती तशीच आहे.

रचना अशी सरळ असली तरी तिजवरून काढलेलें अनुमान सरळ नसतें. एकअंकी निर्देशाचा एक भाग ५० यार्डांचा, म्हणजे सुमारें ४६ मीटरांचा. अक्षांशाच्या पांचव्या दशांशस्थळाची किंमत मात्र एक मीटरच्या आसपास. ज्या साक्षीदारानें पन्नास यार्डांपलीकडे कांहीं सांगितलेंच नाहीं, त्याच्या तोंडीं एक मीटर घालणें हा साक्षीचा विपर्यास होय. कित्येक ठिकाणीं दोन्ही पक्षांच्या खंदकांमधील अंतरच १०० यार्डांहून कमी होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या दोषाचें गांभीर्य कळतें.

दुसरा प्रश्न पाठशुद्धीचा. हे निर्देश चिखलांत, घाईंत, शिसपेनीनें लिहिले गेले, व पुढें इतरांनीं नकलले. रोमन लहान लिपींत ए व डी यांत केवळ दांड्याच्या उंचीचा भेद. बी व डी यांत पोट कोणत्या बाजूस एवढाच. आम्हीं स्वतः एका नकलेंत बी चें डी वाचून एक तुकडी ५०० यार्ड दक्षिणेस नेऊन ठेविली होती. ती जागा त्या दिवशीं शत्रूच्या ताब्यांत होती हें दिसल्यावर चूक उमगली. कांहीं अशुद्धें रचनेवरूनच पकडतां येतात. एस चौकोनांत ३४ वें घर आढळलें, तर अनुष्टुभाच्या चरणांत नववें अक्षर आढळल्याप्रमाणें तो पाठ भ्रष्ट समजावा. कारण त्या ओळींत तिसाच्या पुढें घरच नाहीं. परंतु बी-डीचा घोटाळा रचनेंत बसून जातो, म्हणून तोच अधिक घातक.

तिसरी गोष्ट आवृत्तीची. अमुक तारखेपर्यंत खंदक दुरुस्त केले, असा उल्लेख पुष्कळ पत्रकांवर छापलेला असतो. तो न पाहतां पत्रक वापरणें म्हणजे पोथीचा लेखनकाल न पाहतां पाठ स्वीकारणें होय. शिवाय गुप्ततेस्तव सामान्य आवृत्त्यांतून ब्रिटिशांचे स्वतःचे खंदक बहुधा गाळलेले असत. पूर्वीं जर्मन खंदक तांबडे व ब्रिटिश निळे. १९१८ च्या आरंभीं फ्रेंच रीतीस अनुसरून हे रंग उलट झाले. तसेंच मूळ पत्रक ३२ किलोमीटर रुंद, आणि त्यावरील सहा चौकोनांची रुंदी ३६,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ ३३ किलोमीटर. त्यामुळें कांठाचे चौकोन तुटतात, व एका पत्रकावरून दुसऱ्यावर घरें मोजीत गेल्यास अंतर चुकतें.

आमच्या प्रांताशीं निगडित असें एक उदाहरण देतों. ता. २८ आक्टोबर १९१४ रोजीं नव्ह-शापेल गांवावर ४७ वी शीख पलटण व खडकीच्या ३ ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ या कंपन्या चालून गेल्या. गांवांत घरोघर झुंज झाली, सॅपरांची अतोनात हानि झाली, व अखेरीस मागें यावें लागलें. वर सांगितलेली पद्धति रूढ झाली ती १९१५ सालीं. तेव्हां त्या दिवसाचें स्थान म्हणून जर कोणी अक्षरांकित निर्देश पुढें केला, तर तो उत्तरकालीन हाताचा आहे. तो टाकून द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो समकालीन पुरावा म्हणून मांडूं नये. त्या दिवसासाठीं रस्ते, चव्हाटे व घरें यांचीं वर्णनेंच आधीं प्रमाण. तसेंच मराठा पलटणींचा मोठा पराक्रम मेसोपोटेमियांत, कुत येथें झाला. तेथें हें फ्रान्स-बेल्जमचें कोष्टक लावणें सर्वथा चूक.

एवढी काटेकोर चर्चा कशासाठीं, असें कोणी विचारील. युद्धानंतर रणभूमींत सांपडलेले देह ज्या यादींत नोंदले गेले, तींत सांपडल्याची जागा याच चौकोनांनीं दिलेली आहे. नव्ह-शापेल येथें १९२७ सालीं उघडलेल्या स्मारकावर, ज्यांची समाधि अज्ञात आहे अशा ४,७०० हून अधिक हिंदी वीरांचीं नांवें आहेत. एक अक्षर चुकीचें वाचलें तर एका अनामिकास भलत्याच पलटणींत घातलें जातें, आणि ज्याचा तो खरा, त्याच्या गांवास तो कायमचा अंतरतो. सातारा-रत्नागिरीकडील कित्येक गांवांत, येथून इतके गेले व इतके परतले नाहींत, एवढेंच सांगणारे शिलालेख आहेत. त्यांतील संख्येस नांव व स्थान देण्याचें काम मोठें आहे.

म्हणून आमचें सांगणें थोडक्यांत असें: निर्देश मूळ लेखांतून घ्यावा, नकलेंतून नव्हे, पत्रकाची तारीख घटनेच्या तारखेशीं ताडावी, आणि उत्तर बिंदूनें न देतां पन्नास यार्डांच्या चौकोनानें द्यावें. यंत्र अंक देतें. प्रामाण्य ठरविणें हें अद्याप वाचकाकडेच आहे.