अपयशाची भीती आणि मोजपट्टीत न बसणारी ‘पत’

पीएचडीचा विषय ठरला की आपण बहुतेक जण आधी तयार प्रश्नावली शोधतो. त्यात गैर काही नाही. पण ती नेमकं काय मोजते, हे आधी तपासायला हवं. ‘उद्योजकांना वाटणारी अपयशाची भीती’ हे याचं चांगलं उदाहरण आहे.

ग्लोबल आंत्रप्रेन्योरशिप मॉनिटर हे १९९९ पासूनचं आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण. त्यातला प्रश्न साधारण असा: अपयशाच्या भीतीने तुम्ही व्यवसाय सुरू करायचं टाळाल का? म्हणजे भीती फक्त उंबरठ्यावर. एकदा आत शिरलं की ती संपली, असं जणू गृहीतच! आता मार्च २०२० आठवा. वीस वर्षं दुकान चालवणारा माणूस शटर ओढून घरी बसलाय. ‘सुरू करू का?’ हा त्याचा प्रश्नच नाही. भाडं, नोकरांचे पगार, मालाची उधारी हे त्याचे प्रश्न आहेत.

ही उणीव कॅचिओटी, हेटन आणि सहकाऱ्यांनी २०१६ च्या लेखात बरीच भरून काढली. त्यांनी उद्योजकांच्या मुलाखती घेतल्या. भीती हा कायमचा स्वभाव नसून परिस्थितीतून उठणारा अनुभव आहे आणि ती माणसाला थिजवते तशी कामालाही लावते, असं त्यांनी मांडलं. २०२० मध्ये त्यावरून मोजपट्टीही तयार झाली.

काम भक्कम आहे, तरी माझा एक आक्षेप आहे. या मांडणीत पैशाची चिंता एका रकान्यात आणि ‘लोक काय म्हणतील’ दुसऱ्या रकान्यात येते. आपल्या बाजारात या दोन्हींना मिळून एकच शब्द आहे: पत. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत लांबवायची मुभा दिली. पण ठोक व्यापाऱ्याच्या उधारीला अशी मुभा कोण देणार? ती बहुतेकदा शब्दावर चालते. ती थकली की पुढचा माल अडतो आणि तोंड दाखवायचीही चोरी होते. दोन्ही एकदमच. इथे मोजपट्टीचा नुसता मराठी अनुवाद केला, तर आपण ‘दोन घटकांत सहसंबंध आढळला’ असं लिहून मोकळे होऊ. मुळात ते दोन घटक होते का, हे विचारायचं राहूनच जाईल.

मग करायचं काय? आधी थोड्या मोकळ्या मुलाखती घ्या. ‘भीती वाटली का?’ असं थेट विचारू नका. बरेच जण ‘नाही’च म्हणतील. ‘हातात पैसे कमी होते, तेव्हा आधी कुणाचे दिले? कुणाचा फोन उचलला नाही?’ असं विचारा. भीती त्या क्रमात दिसेल.

आणि दुकान बंद केलेल्यांनाही शोधा. नाहीतर अपयशाच्या भीतीवरचा आपला सगळा अभ्यास फक्त तगून राहिलेल्यांच्या तोंडून लिहिला जाईल.