वेबकॅमवरच्या बाई

अमेरिकेत समाजकार्यकर्त्याला मानसोपचार करायचे तर राज्याचा परवाना लागतो. मग समोर बसून करा, नाहीतर पडद्यावरून. लिझा कुड्रोच्या ‘वेब थेरपी’ (२००८) या मालिकेतल्या फिओनाबाई मात्र आल्या थेट गुंतवणुकीच्या धंद्यातून. पन्नास मिनिटे दिली की लोक स्वप्ने नि भावना सांगत बसतात, म्हणून यांचा उपचार तीन मिनिटांचा! संवाद बरेचसे आयत्या वेळी रचलेले. त्यामुळे बाईंचे न ऐकता हुंकार देणे अगदी अस्सल. (आमच्याकडे फोन कानाशी धरून भाजी निवडतात, तेव्हा असेच हुंकार निघतात.) खटकते ते एवढेच, की समोरचा रडवेला माणूस बाईंचे विनोद टांगायची नुसती खुंटी होतो. बाई ऐकत नाहीत, ही गंमत. पण मालिकाही ऐकत नाही, त्याचे काय? कॅमेरा बंद झाल्यावर त्याचे काय झाले, हे मी आणखी तीन मिनिटे आनंदाने पाहिले असते.