अर्धा कोयता आणि संघटनेची संस्कृती

‘संघटनेची संस्कृती’ हे प्रकरण मी दरवर्षी दिवाळीनंतर शिकवतो, आणि दरवर्षी नेमका त्याच वेळी माझा वर्ग अर्धा होतो. बीड जिल्ह्यात याचे कारण कोणी विचारीत नाही. पोरे आईबापांबरोबर फडावर गेलेली असतात. मीही तसाच गेलेलो आहे. त्यामुळे या प्रकरणाची समीक्षा मला पुस्तकाबाहेर उभे राहूनच करावी लागते.

एडगर शाईन या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ साली संस्कृतीचे तीन थर मांडले : दिसणाऱ्या वस्तू, उच्चारलेली मूल्ये आणि तळाशी कोणीच न उच्चारणारी गृहीतके. मांडणी भक्कम आहे. आमचे प्राध्यापकबंधू मात्र पहिल्या दोन थरांवरच थांबतात. गणवेश, ब्रीदवाक्य, स्नेहसंमेलन! त्यांच्या उदाहरणांत बँक येते, मोटारींचा कारखाना येतो. ऊसतोड येत नाही. का? तर तोडणारा कारखान्याचा ‘कर्मचारी’च नाही. तो मुकादमाचा. उचल मुकादमाकडून, हिशेब मुकादमाशी. कमानीवर लिहिलेला ‘सहकार’ फडापर्यंत पोहोचत नाही.

तळाचा थर पाहायचा तर ‘कोयता’ हा शब्द पाहावा. टोळीच्या भाषेत कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल जोडीवर, पैसा नवऱ्याच्या हाती. बाई कामगार म्हणून मोजलीच जात नाही. खाडा पडला की दंड. पाळीच्या दुखण्यालाही दंडच. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. डॉक्टरी लोभ हे एक कारण झाले. पण खाड्याचा हिशेब करीत स्वतःच्या गर्भाशयाकडे अडचण म्हणून पाहणारी बाई कोणत्या संस्कृतीने घडवली?

इथे माझा शाईनशी वाद आहे. त्याच्या मांडणीत संस्कृती संस्थापकापासून उतरते; नवा माणूस आत येतो आणि ती शिकतो. आमचा माणूस आत येण्यापूर्वीच गावाने घडवलेला असतो. संस्था ती तयार घडण फुकटात वापरते. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे हेच दाखविले होते : अस्पृश्य गँगमन होतो, पोर्टर होऊ शकत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरकाम करून घेतो. रेल्वेच्या नियमपुस्तकात हे कुठे होते?

फडावर केवळ आपलीच माणसे नाहीत, हे मान्य. वंजारी आहेत, लमाण आहेत, मातंग आहेत. उचलीच्या ओझ्याखाली सगळे सारखेच. तरी आमची कोपी टोळीतही कडेलाच असे, आणि ती तिथे घाल असे आम्हांला कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. बापाला ते ठाऊकच होते.

मागच्या अंतर्गत परीक्षेत मी प्रश्न घातला : ‘खाडा कोण ठरवतो?’ पट्टा पडल्यावर परतलेल्या एका मुलीने चार पाने लिहिली. शाईनचे नाव त्यात एकदाही नव्हते. मी पैकीच्या पैकी गुण दिले. परीक्षा अंतर्गत होती, म्हणून देता आले.