हर्नसाहेबांची शाळा व सेत्सूबाईंचें घर

परदेशीं जाऊन आपली भाषा शिकविणारा मनुष्य त्या देशाविषयीं लिहूं लागला, म्हणजे वाचकानें एक प्रश्न अवश्य विचारावा: हें त्यास कोणत्या भाषेंत कळलें? लाफ्कादिओ हर्न यांच्या जपानविषयक ग्रंथांची पारख ह्या एका प्रश्नानें जशी होते, तशी इतर कशानेंही होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ग्रीक माता व आयरिश पिता यांच्या पोटीं १८५० सालीं जन्मलेले हर्न १८९० सालीं जपानांत आले आणि त्याच वर्षीं मात्सुए ह्या गांवीं इंग्रजीचे शिक्षक झाले. ही जागा मिळविण्यास त्यांस बॅसिल हॉल चेंबरलेन यांचें साह्य झालें. चेंबरलेन यांचा जन्मही १८५० चाच, आणि तेही १८७४ पासून जपानी आरमाराच्या शाळेंत इंग्रजी शिकवीत असत. परंतु त्यांनीं जपानी भाषा मुळापासून हस्तगत केली, 'कोजिकी' हा प्राचीन ग्रंथ इंग्रजींत आणला, आणि १८८६ सालीं टोकियोच्या विद्यापीठांत जपान्यांसच त्यांची भाषा शिकविण्याची अध्यापकी पत्करली. उलट हर्न चौदा वर्षें जपानांत राहिले, १८९६ सालीं कोइझुमी याकुमो हें नांव धारण करून तेथील प्रजाजन झाले. तरीही जपानी वर्तमानपत्र वाचण्याइतकी भाषा त्यांस अखेरपर्यंत आली नाहीं.

तेव्हां चेंबरलेन यांस प्रमाण मानावें व हर्न यांस कल्पनाविलासी म्हणून बाजूस सारावें, असें कोणी म्हणेल. पण प्रकरण इतकें सोपें नाहीं.

हर्न यांच्या १८९४ सालच्या 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान' ह्या ग्रंथांत एका इंग्रजी शिक्षकाच्या रोजनिशीचें प्रकरण आहे. त्यांतील विद्यार्थ्यांविषयींचा जिव्हाळा खरा आहे. त्यांचे निबंध तपासतांना मात्र हर्न यांस असें दिसतें कीं, फुजी पर्वत म्हणजे आकाशांत उलटा टांगलेला, अर्धवट उघडलेला पांढरा पंखा, ही उपमा प्रत्येक मुलास पाठ आहे. आणि ते निष्कर्ष काढतात कीं, जपानी विद्यार्थ्याची कल्पना त्याच्यासाठीं शेंकडों वर्षांपूर्वींच घडवून ठेवलेली आहे. निरीक्षण खोटें नाहीं. निष्कर्ष घाईचा आहे. परक्या भाषेंत लिहिणारा मुलगा पाठ केलेल्या उपमेचा हात धरतो, कारण दुसरा आधार त्याच्यापाशीं नसतो. हें इंग्रजीच्या कोणाही अध्यापकास ठाऊक असतें. तींच मुलें आपल्या भाषेंत थट्टा कशी करीत, भांडत कशीं, हें हर्न यांच्या कानांपर्यंत पोंचण्यास मार्ग नव्हता. मुलांच्या इंग्रजीची मर्यादा त्यांनीं मुलांच्या मनाची मर्यादा मानली.

आतां शाळेंतून घरीं जाऊं. १८९१ च्या सुमारास सामुराई कुळांतील कोइझुमी सेत्सू यांच्याशीं हर्न यांचा संसार सुरू झाला. पत्नीस इंग्रजी येत नव्हतें, पतीस जपानी. दोघांनीं मिळून प्रत्यय गाळलेली, क्रियापदें न चालविणारी अशी एक मोडकी जपानी बनविली. हर्नसाहेबांची बोली म्हणूनच ती पुढें ओळखली गेली. पतीच्या निधनानंतर सेत्सूबाईंनीं आठवणी सांगितल्या. त्यांवरून दिसतें कीं, जुनी कथा पुस्तकांतून वाचून दाखविलेली हर्न यांस चालत नसे. पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांग, असा त्यांचा आग्रह असे. 'कोत्तो' ह्या १९०२ सालच्या संग्रहांत भुताच्या धबधब्याची कथा आहे. तिच्यांत रक्त पाहून निघणारा उद्गार त्यांनीं सेत्सूबाईंकडून पुनःपुन्हा म्हणवून घेतला आणि तो कोणत्या स्वरांत निघाला असेल, हें विचारलें.

येथें विद्यापीठाचा अध्यापक शिष्य झाला आहे. त्यास जपानी कल्पनाशक्तीविषयीं सिद्धांत मांडावयाचा नाहीं. एका भ्यालेल्या बाईचा आवाज ऐकावयाचा आहे. म्हणूनच त्यांच्या निबंधांहून त्यांच्या कथा आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतात.

ह्यावरून आम्ही अज्ञानाचा गौरव करतों, असें मात्र कोणी समजूं नये. चेंबरलेन यांच्या 'कोजिकी'वांचून हर्न यांस इझुमो प्रांतांतील देवस्थानें इतकीं उमगलीं नसतीं. शिवाय भाषा न येण्याची किंमत असतेच. हर्न यांच्या बाबतींत ती दुसऱ्याच व्यक्तीनें भरली. १९०४ सालच्या 'क्वायदान'च्या प्रस्तावनेंत जुन्या जपानी ग्रंथांचा निर्देश आहे, एक गोष्ट सांगणाऱ्या शेतकऱ्याचाही आहे. घरांत दिवा मंद करून रात्रीं कथा सांगणाऱ्या पत्नीचा नाहीं. २०२५ सालीं जपानच्या एनएचके संस्थेनें सेत्सूबाईंच्या जीवनावर बेतलेली मालिका दूरचित्रवाणीवर सुरू केली, ही उशिरां कां होईना, ऋणाची पोंच आहे. समीक्षकांनींही ती द्यावी. 'क्वायदान'चें इंग्रजी हर्न यांचें आहे. पण त्या इंग्रजीमागें जो आवाज आहे, तो सेत्सूबाईंचा आहे, आणि पुस्तक दोघांचें म्हणूनच वाचलें पाहिजे.